जुन्या इंजिनाला भंगारातला सुपरचार्जर: हवेचा हिशेब

भंगारातला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारं यंत्र, विकत घेताना आधी त्याची पुली हाताने फिरवून बघायची आणि मग हवा बाहेर पडते त्या तोंडाशी नाक न्यायचं. या यंत्राच्या गिअरांना स्वतःचं वेगळं तेल असतं, आणि जुनं झाल्यावर त्याला एक कुबट, उग्र वास येतो. तो एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. हा वास गिअरच्या झाकणापाशी आला तर हरकत नाही. पण रोटर फिरतात त्या पोकळीत आला, तर सील गेलंय आणि तेल आत उतरतंय असं समजायचं. असा नग कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली बरीच वर्षं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या जवळ राहतो. माझ्याकडे १९६९ची एमजीबी आहे, दोन माणसांची छोटी उघडी गाडी. तिच्या इंजिनावर मी एका मोडीत निघालेल्या मिनी कूपर एसचा सुपरचार्जर बसवला. तेव्हापासून गावाकडून आणि इथूनही एकच प्रश्न येतो: ‘हे नेमकं काय असतं, आणि जुन्या इंजिनाला झेपतं का?’ त्याचं उत्तर सविस्तर देतो, कारण हा विषय मला मनापासून आवडतो. शिवाय यातली बरीचशी इंजिनं अर्धवट माहितीमुळे फुटतात, आणि जुनं इंजिन फुटलेलं मला बघवत नाही.

आधी एक नातं सांगतो. आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ही एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’ची. पिस्टन वरखाली जातो ते अंतर, म्हणजे स्ट्रोक, दोन्हींत ८८.९ मिलिमीटरच आहे. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा: अँबॅसिडरला ७३, एमजीबीला ८०.३. त्यामुळे ज्यांनी गॅरेजात अँबॅसिडरचं हेड उतरलेलं पाहिलंय, त्यांना माझ्या गाडीचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

रहाट आणि पाट

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण त्याची ताकद ठरते ती हवेवर. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, जेट बदललं की झालं. पण एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते, आणि ती हवा पिस्टनने खाली जाताना स्वतः ओढून घ्यायची असते. बी सिरीजच्या हेडमध्ये तर चार सिलिंडरांना मिळून हवा आत घेण्याची भोकं दोनच. एका भोकावर दोन सिलिंडर अवलंबून. एकाने घोट घेतला की शेजाऱ्याच्या वाट्याला कमी येतं. म्हणून हे इंजिन वरच्या फेऱ्यांना लवकर दमतं.

सुपरचार्जर ही हवा ओढून आणून देतो. मी बसवलेला प्रकार रूट्स ब्लोअर म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कॉनर्सव्हिल गावी, फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६०च्या सुमारास असं यंत्र केलं. ते पुढे भट्ट्यांना आणि खाणींना वारा घालायला वापरलं जाई. गाडीवर ते बऱ्याच नंतर आलं. एमजी कंपनीचं तर त्याच्याशी जुनं नातं आहे: १९३३ साली उत्तर आयर्लंडात आर्ड्सच्या रस्त्यांवर ताझिओ नुव्होलारीने टुरिस्ट ट्रॉफी ही शर्यत जिंकली, ती सुपरचार्जर बसवलेल्या एमजी के-थ्रीमधून.

आत दोन रोटर असतात, एकमेकांच्या खाचांत बसणारे पण एकमेकांना न शिवता फिरणारे. ते हवा दाबत असतील असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. रूट्स ब्लोअर म्हणजे आडवा ठेवलेला रहाट. रहाटाची गाडगी विहिरीतलं पाणी दाबत नाहीत, प्रत्येक गाडगं आपल्या मापाचं पाणी वर आणून पाटात ओततं. पाट जेवढं वाहून नेऊ शकतो त्याहून जास्त पाणी आलं की पाटातली पातळी चढते. ब्लोअर आणि इंजिन यांच्यामधला मॅनिफोल्ड हा आपला पाट. त्यातली चढलेली पातळी म्हणजे ‘बूस्ट’. दाब ब्लोअरमध्ये तयार होत नाही, तो पाटात साचतो. एवढं एक नीट समजलं की पुढचं सगळं गणित आपोआप मांडता येतं.

पुली किती मोठी?

माझ्या ब्लोअरचं नाव ईटन एम४५. त्यातला ४५ हा आकडा एका फेऱ्याला तो किती घन इंच हवा पुढे ढकलतो ते सांगतो. लिटरमध्ये ते ०.७४ च्या जवळ येतं. हे झालं गाडग्याचं माप.

आता पाटाचं माप. इंजिन १.८ लिटरचं, पण चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा चारही सिलिंडर भरतात. एका फेऱ्याला ०.९ लिटर. ब्लोअर आणि इंजिन दोन्ही आपापल्या मापाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्केच भरतात असं धरलं, तर ही गळती दोन्हीकडे सारखी आणि हिशेबातून बाहेर जाते. ब्लोअर इंजिनाच्या बरोबरीने फिरवला, तर इंजिनाच्या ०.९ लिटरच्या भुकेला ०.७४ लिटरच हवा मिळेल. म्हणजे उपासमार! म्हणून तो इंजिनापेक्षा वेगाने फिरवावा लागतो. दीडपट फिरवला की एका फेऱ्याला १.११ लिटर येतात. मागणी ०.९, पुरवठा १.११: जवळपास तेवीस टक्के जास्त हवा.

मी क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, १३२ मिलिमीटरची आणि ब्लोअरवर ९० मिलिमीटरची पुली ठेवली. गुणोत्तर १.४७. इंजिन ५५०० फेऱ्यांना गेलं तर ब्लोअर आठ हजारांच्या थोडं वर जातो. ज्या मिनीवरून तो उतरला तिथे तो इंजिनाच्या जवळपास दुप्पट वेगाने फिरायचा, त्यामुळे माझ्याकडे तो आरामात आहे. त्याला मिनीसारखं दुप्पट फिरवायचा मोह होतो, हे मी समजू शकतो. पण त्या मिनीचं इंजिन मुळातच या दाबासाठी घडवलेलं होतं, कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, ८.३ ठेवून. माझ्या इंजिनाचं ८.८ आहे, आणि ते घडवणाऱ्यांच्या डोक्यात बूस्ट हा शब्दच नव्हता.

फुकट काहीच नाही: उष्णता

हवा साचली, दाब चढला, की ती तापते. सायकलचा पंप जोरात मारल्यावर त्याचं तोंड गरम लागतं, तेच इथे होतं. आणि रूट्सचा ब्लोअर या बाबतीत जरा जास्तच तापट. बाहेर २० अंशांची हवा असेल आणि मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या १.४५ पट, म्हणजे साडेसहा पीएसआय (दर चौरस इंचाला साडेसहा पौंड) बूस्ट, तर ती हवा ८० अंशांच्या घरात जाते असं माझं गणित येतं.

गरम हवा विरळ असते. म्हणून दाब पंचेचाळीस टक्के वाढला तरी हवेचं वजन वीस टक्केच वाढतं. काट्यावरचा बूस्ट बघून खूश होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: काटा पातळी दाखवतो, हवा वजनाने किती आली ते दाखवत नाही. वर ब्लोअर फिरवायला इंजिनाचीच नऊ-दहा हॉर्सपॉवर खर्च होते. तेवढं देऊन हातात जे उरतं, ते खालच्या फेऱ्यांना सगळ्यात जास्त जाणवतं. टर्बो एक्झॉस्टच्या झोतावर फिरतो, त्याच्यासारखं एक्झॉस्टने वेग घेईपर्यंत थांबावं लागत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये चढ आला आणि पाय नुसता टेकवला तरी गाडी उचलते.

मिनीत या गरम हवेसाठी ब्लोअरनंतर इंटरकूलर, म्हणजे हवा गार करणारी जाळी, होता. माझ्याकडे जागा नाही. त्याऐवजी मी कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी ठेवला. म्हणजे पेट्रोलचे बारीक थेंब हवेसोबत ब्लोअरमधूनच जातात, तिथे त्यांची वाफ होते, आणि वाफ होताना उष्णता शोषली जाते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं तेच कारण. १.७५ इंची एकच एसयू कार्ब्युरेटर आहे. त्यातला पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे स्वतःच वर उचलला जातो आणि सुई तेवढीच मोकळी होते, त्यामुळे ब्लोअरसमोर तो भांबावत नाही. कार्ब्युरेटर ब्लोअरनंतर ठेवला असता तर त्याच्या फ्लोट चेंबरवरही, म्हणजे पेट्रोल साठतं त्या कप्प्यावरही, बूस्टचा दाब द्यावा लागला असता आणि पेट्रोल पंपाचा दाब त्याच्याबरोबर वाढवावा लागला असता. घरच्या गॅरेजात ती डोकेदुखी नको.

या मांडणीत एक धोका मात्र आहे, आणि तो कोणी सांगत नाही. ब्लोअर आणि मॅनिफोल्ड दोन्ही पेट्रोलमिश्रित हवेने भरलेले असतात. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, चुकून इंजिनाने मागे भडका मारला, तर तो सगळा साठा पेटतो. म्हणून मॅनिफोल्डवर स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह बसवायचाच. प्रेशर कुकरच्या शिट्टीला जेवढं महत्त्व, तेवढंच याला.

नॉकिंग

जुनी इंजिनं मरतात ती इथे. नेहमीच्या जळण्यात प्लगपाशी ठिणगी पडते आणि ज्योत कडेकडेने पसरत जाते, गवताच्या गंजीला एका कोपऱ्यात काडी लावल्यासारखी. नॉकिंगमध्ये ज्योत पोचायच्या आत दुसऱ्या टोकाचं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटतं. दोन्हीकडचे दाब एकमेकांवर आदळतात. बाहेर तो टकटक आवाज येतो. आत पिस्टनच्या माथ्यावर हातोडी पडत असते.

सुपरचार्जर नेमक्या याच दोन गोष्टी वाढवतो, दाब आणि उष्णता. त्यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही लागतात. चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल घालायचं. बूस्टमध्ये मिश्रण थोडं गडद, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, ठेवायचं, हवेचं प्रमाण साडेबाराच्या आसपास, त्यासाठी सुई बदलायची. आणि ठिणगी उशिरा पाडायची. गॅरेजवाल्यांचा ढोबळ ठोकताळा असा की प्रत्येक पीएसआय बूस्टला टायमिंग एक अंश मागे घ्यावं. पण डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, नुसता फिरवून सहा अंश मागे घेतलं, तर बूस्ट नसतानाही टायमिंग मागेच राहतं. गाडी सुस्त होते आणि एक्झॉस्ट तापतो. म्हणून मी बूस्टचा दाब ओळखून टायमिंग बदलणारा, प्रोग्रॅम करता येणारा डिस्ट्रिब्युटर घातला. संपूर्ण कामात सगळ्यात महाग वस्तू हीच. ब्लोअरपेक्षा महाग. आणि पैसे वाचवायचेच असतील तर ते इथे कधीही वाचवू नका, असं मी कळवळून सांगतो.

मिश्रण गडद आहे की फिकं हे कानाने कळत नाही. एक्झॉस्टमध्ये सेन्सर बसवून डॅशबोर्डवर मीटर लावला आणि मगच मी गाडी घराच्या गल्लीबाहेर काढली.

उद्यमनगरातली पुली

एमजीबीला मुळात पंखा, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर यांच्यासाठी एकच जुना व्ही-बेल्ट असतो. दहा हॉर्सपॉवर त्याच्यावरून ओढायला गेलो तर तो घसरणार. त्यामुळे क्रँकच्या पुलीपुढे वेगळी, सहा खाचांच्या चपट्या बेल्टची पुली लागते. इथल्या वर्कशॉपने सांगितलेला दर ऐकून मी तो विषय सुट्टीवर ढकलला. गावी गेलो तेव्हा चित्र घेऊन शिवाजी उद्यमनगरात आतेभावाच्या लेथवर जाऊन बसलो.

त्याने एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, राऊंड बार चकमध्ये धरला, फेसिंग केलं, बोअर केला. मग खाचांची वेळ आली. ‘दादा, दोन खाचांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर, कोन ४० अंश,’ मी म्हटलं. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. ‘साडेतीन धरलं तर न्हाई चालणार व्हय रं?’ मी म्हटलं, ‘सहा खाचा आहेत दादा. पाच अंतरांत ०.०६ पाच वेळा चुकेल.’ त्याने मनातल्या मनात गुणलं. ०.३ मिलिमीटर. शेवटची खाच बेल्टच्या दातापासून तेवढी सरकणार, दात भिंतीवर चढणार आणि महिन्याभरात बेल्ट फाटणार. तो काही बोलला नाही. टूल पुन्हा ग्राइंडरवर नेलं, गेजने कोन तपासला, आणि प्रत्येक खाचेनंतर डायल बघत सहाही खाचा काढल्या. पूर्ण दुपार गेली. बाहेर काढलेली पुली त्याने अंगठ्याने पुसली आणि खाचांवरून नख फिरवून बघितलं. ती पुली आजही गाडीवर आहे.

चूक माझ्याकडून झाली, ती ब्रॅकेटमध्ये. ब्लोअर धरून ठेवणारा ब्रॅकेट मी आधी पुठ्ठ्याचा कापून बघितला, मग ॲल्युमिनियमचा केला. पण दोन पुल्या एका रेषेत आहेत की नाही ते मी नुसत्या डोळ्यांनी ठरवलं. पहिल्याच दिवशी बेल्ट चिरकू लागला आणि ब्लोअरच्या नाकावर काळी भुकटी जमली. सरळ पट्टी लावून मोजलं तर दोन मिलिमीटरचा फरक. पातळ वॉशर घालून तो काढला आणि ढिली बाजू ओढून धरणारा टेन्शनर थोडा पुढे घेतला. आवाज गेला. बेल्ट सरळ आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही, पट्टीलाच कळतं.

मिनीच्या ब्लोअरची खोड

भंगारातली वस्तू घेताना ती आधीच्या घरात काय काय कामं करत होती ते माहीत असावं लागतं. २००२ ते २००६ च्या मिनी कूपर एसमध्ये हा ब्लोअर हवा तर द्यायचाच, शिवाय त्याच्या मागच्या टोकाच्या गिअरवरून गाडीचा पाण्याचा पंपही फिरायचा. त्यामुळे तेलाच्या पोकळ्या दोन्ही टोकांना. तेल कमी होऊन मागचे गिअर झिजणं ही या गाड्यांची ओळखीची तक्रार. मला मिळालेल्या नगात मागच्या बाजूला तेलाचा थेंबही नव्हता, नुसता राखाडी चिखल होता. विकणाऱ्याने ‘नुकताच चालत्या गाडीतून काढलाय’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

माझ्या इंजिनाला आपला पाण्याचा पंप आहेच, म्हणून मागचा तो गिअर काढून तिथे झाकण बसवलं. दोन्हीकडचं तेल बदललं, पुढचं सील नवं घातलं. शाफ्टला आडवा ढिलेपणा नव्हता, आणि रोटरांच्या पाकळ्यांवर घासल्याची चकाकी नव्हती. पाकळ्या प्रत्येकी तीन असतात, ६० अंशांत पीळ दिलेल्या, त्यामुळे हवा धक्क्याधक्क्याने येत नाही. त्यांच्यावर कुठे उघडं धातू चमकताना दिसलं तर बेअरिंग गेलेत असं समजा.

टर्बोपेक्षा भंगारातला ब्लोअर मला बरा वाटतो तो यासाठीच. टर्बोला इंजिनाचं तेल न्यावं लागतं, आणावं लागतं, आणि तो लालबुंद एक्झॉस्टवर बसतो. हा आपलं तेल आपल्याजवळ ठेवतो. बी सिरीजमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्यामुळे दोघांमध्ये उष्णता अडवणारा पत्रा मात्र लागतोच.

विसरल्या जाणाऱ्या नळ्या

इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डमध्ये ओढून घेणारी नळी असेल तर ती ब्लोअरच्या आधी न्या. नाहीतर बूस्ट उलटा पोटात शिरेल आणि सगळीकडून तेल गळायला लागेल. ब्रेकचा सर्वो, म्हणजे ब्रेक दाबायला मदत करणारा भाग, मॅनिफोल्डच्या ओढीवर चालतो, त्याच्या नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह चांगला असल्याची खात्री करा. हेड गॅस्केट नवं घाला आणि हेडचे स्टड तपासा. १९६४ पर्यंतच्या एमजीबीचा क्रँक तीन बेअरिंगांवर असायचा, त्यानंतरचा पाचांवर. पाचवाल्यावरच हे काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिनही तीन बेअरिंगांचं आहे, तेव्हा नात्याखातर तिकडे हा प्रयोग करू नका.

भारतात आणखी एक अडसर कायद्याचा आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. रस्त्यावरच्या गाडीला हात लावण्यापूर्वी आरटीओत जाऊन विचारा. इंग्लंडात मी विमा कंपनीला आधी लेखी कळवलं. हप्ता वाढला, पण अपघात झाला तर ‘सांगितलं नव्हतं’ हा मुद्दा उरला नाही.

पहिले पाचशे मैल मी बूस्ट वापरलाच नाही, अर्ध्या पायाने चालवली. मग प्लग काढून बघितले. चारही फिक्या चॉकलेटी रंगाचे, एकावरही ॲल्युमिनियमचे चमकदार ठिपके नाहीत. ते ठिपके दिसले असते तर पिस्टन वितळायला लागलाय असा अर्थ. त्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या गिअरमध्ये पाय पहिल्यांदा पूर्ण टेकवला. काटा साडेसहावर गेला आणि तिथेच थांबला.